प्रोपेलरच्या पुढे बसवलेला कॅमेरा: मांजरा खोऱ्यातलं एक प्रकरण

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीवरून मांजरेकडे वाहणारा एक ओढा, लांबी सुमारे १८ किलोमीटर. त्यावर सिमेंट नाला बंधारे आहेत, खोलीकरण झालेले पट्टे आहेत आणि गाळाने भरून गेलेले जुने मातीचे बांधही आहेत. पावसाळा संपल्यावर पाणी कुठवर उभं आहे, खोलीकरणाचे काठ कुठे ढासळले आणि गाळ कुठे साचला, हे एकाच सकाळच्या उजेडातल्या उभ्या, म्हणजे वरून सरळ खाली पाहून घेतलेल्या, छायाचित्रांवर दिसायला हवं होतं. नुसतं बघण्यापुरतं नको, मोजता यावं असं. एका पिक्सेलमागे जमिनीवरचे सहा-सात सेंटिमीटर एवढी बारकाई या कामाला पुरते.

ड्रोनचा पर्याय होताच. पण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्येही ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, ही उंचीची मर्यादा आहे आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. १८ किलोमीटरच्या ओढ्यासाठी शेतातून गाडी फिरवत, बॅटऱ्या बदलत दिवस जातो. तेवढ्यात सावल्या फिरतात आणि सकाळची चित्रं दुपारच्या चित्रांना नीट जुळत नाहीत. ट्राइक, म्हणजे पंखाखाली लोंबणारं तीन चाकांचं हलकं उघडं विमान, ताशी ८० किलोमीटरने हा पट्टा पंधरा मिनिटांच्या आत पार करतो. म्हणून मुरमाच्या एका खासगी धावपट्टीवरून दोन आसनी ट्राइक वापरायचं ठरलं. मागे ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ यूएल इंजिन, २.२७ गुणोत्तराचा गिअरबॉक्स, तीन पात्यांचा १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर. वैमानिक एकटा, मागची सीट रिकामी.

परवानगीचं आधी. विमान नियम १९३७ च्या नियम १३ नुसार हवेतल्या विमानातून छायाचित्रणाला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, लेखी परवानगी लागते, आणि मोजणीच्या कामासाठी ती मागताना क्षेत्राच्या सीमा, कॅमेरा आणि हेतू स्पष्ट लिहावे लागतात. लातूर आणि धाराशिव दोन्हीकडे विमानतळ आहेत, तेव्हा हवाई क्षेत्राची तपासणी, उड्डाण आराखडा, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) क्रमांक हे सगळं त्यात आलं. विमानाच्या सांगाड्याला काहीही बांधायचं तर उत्पादकाची पुस्तिका उघडून देखभाल अभियंत्याची नजर त्यावर फिरवून घ्यायची. हे कागद आधी, क्लॅम्प नंतर.

कॅमेरा साधा होता: २४ मेगापिक्सेलचा मिररलेस, एपीएस-सी सेन्सर, २० मिलिमीटरची चपटी लेन्स. बॅटरी आणि कार्डासह ४२० ग्रॅम, खालची पट्टी धरून ५०० ग्रॅम. जमिनीपासून ३०० मीटरवरून या जोडीला एका पिक्सेलमागे ५.९ सेंटिमीटर मिळतात आणि एका चौकटीत साधारण ३५० बाय २३४ मीटर जमीन येते. मोबाइल बांधण्याची सूचना अशा कामात हमखास येते. ती पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावी. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ साली दिला होता. ट्राइकवरची कंपनं त्याहून सौम्य नसतात.

जागा

ट्राइकवर कॅमेरा कुठे बसवायचा हा प्रश्न बहुतेक लोक चित्राच्या बाजूने सोडवतात: कुठून दृश्य चांगलं, कुठे हात पोचतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी विचारायचं, हा कॅमेरा सुटला तर कुठे जाईल? ट्राइकचा प्रोपेलर सगळ्यांच्या मागे असतो. वैमानिकाच्या खिशातून पडलेलं पेनसुद्धा वारा मागेच नेतो. ४८०० आरपीएमला प्रोपेलर मिनिटाला सुमारे २११५ फेरे घेतो. १.७ मीटर व्यासाला पात्याचं टोक सेकंदाला १८८ मीटर वेगाने फिरत असतं. अर्ध्या किलोची वस्तू तिथे पोचली की पात्याचा तुकडा उडतो, उरलेला प्रोपेलर असमतोल फिरायला लागतो आणि मग गिअरबॉक्स व इंजिनाच्या बैठकीवर जो झटका बसतो तो इंजिन बंद करेपर्यंत थांबत नाही.

या कसोटीवर नेहमीच्या जागा एकेक करून गळतात. पुढचा स्ट्रट, म्हणजे वैमानिकासमोरची आधाराची नळी, सोयीचा वाटतो, पण तिथून सुटलेली वस्तू वैमानिकाला चाटून थेट प्रोपेलरच्या मधोमध जाते. पॉडच्या, म्हणजे वैमानिक बसतो त्या कवचाच्या, नाकावर फायबर पातळ असतं, स्क्रूभोवती तडे जातात, आणि उन्हात तापलेल्या फायबरवर दुहेरी टेप किंवा सक्शन कप यांचा भरवसा धरायचा नसतो. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या उन्हातही पॉड हाताला चटका देतो, वर धुळीचा थर असतो. बेस बार, म्हणजे वैमानिकाच्या हातातला पंखाला जोडलेला दांडा, हे तर सुकाणूच. त्याला काही बांधलं की बार पूर्ण पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे नेताना ते पट्ट्यात किंवा स्ट्रटवर अडकू शकतं. शिवाय बार पंखाबरोबर हलतो, त्यामुळे चित्रही हलतं. पंखाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या कील नळीचं मागचं टोक प्रोपेलरच्या डोक्यावरच येतं.

पंखाचं टोक प्रोपेलरपासून दूर आहे, तिथली अडचण वेगळी. मध्यापासून ५ मीटरवर २५० ग्रॅम लावले तर १.२५ किलो-मीटरचा एकतर्फी भार तयार होतो, आणि तो तोलायला साडेतीनशे किलोचा ट्राइक जवळजवळ साडेतीन मिलिमीटर बाजूला धरावा लागतो. आकडा लहान वाटतो, पण हे काम वैमानिकाच्या हाताला सतत करावं लागतं. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन लावून तोल साधला तरी टोकांवरच्या वजनामुळे पंख डावा-उजवा होण्यास आळशी होतो, आणि टोकाजवळच्या नळ्या क्लॅम्पचा दाब सोसण्याइतक्या जाड नसतात. हौशी व्हिडिओसाठी अगदी हलका कॅमेरा तिथे लावतात. उभ्या मोजणीच्या चित्रांसाठी ती जागा नाही.

उरली ती खालची बाजू. मागच्या डाव्या चाकाकडे तिरकी जाणारी नळी, म्हणजे ड्रॅग स्ट्रट, ही त्यातली सगळ्यात भक्कम आणि खाली पाहायला मोकळी जागा. पण नळीवर नेमकं कुठे, हे मोजपट्टीने ठरलं. प्रोपेलरचा मध्य जमिनीपासून १.२ मीटरवर, त्रिज्या ८५ सेंटिमीटर. कॅमेरा पॉडजवळ, म्हणजे मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटर बाजूला आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर बसवला असता, तर मागून पाहताना तो प्रोपेलरच्या मध्यापासून ८१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे प्रोपेलर फिरताना व्यापतो त्या चकतीच्या आत. तीच नळी चाकाकडे उतरत गेली की ६५ सेंटिमीटर बाजूला आणि ३२ सेंटिमीटर उंचीवर हे अंतर १०९ सेंटिमीटर होतं, चकतीच्या कडेपासून २४ सेंटिमीटर बाहेर. प्रोपेलर स्वतःच्या चकतीपेक्षा थोड्या मोठ्या घेरातली हवा आत ओढतो, म्हणून कडेला खेटून चालत नाही, ही पाव मीटरची मोकळीक लागतेच. दोन्ही जागांमधून दिसणारं दृश्य जवळपास सारखं होतं. फरक फक्त सुटल्यावर काय होईल याचा होता, आणि जागा त्यावरच ठरली.

चाक चौकटीच्या कोपऱ्यात येतं का हे ट्राइकची मागची बाजू जॅकवर उचलून पाहिलं. उचलणं महत्त्वाचं, कारण हवेत चाक सस्पेन्शनवर मोकळं लोंबतं आणि नळीचा कोन जमिनीवर उभ्या ट्राइकपेक्षा दोन-तीन अंशांनी बदलतो. कॅमेरा धुरीच्या थोडा पुढे ठेवल्यावर चाक चौकटीबाहेर राहिलं.

पहिला जोड

नळीभोवती दोन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प लेथवर कापून घेतला. आत २ मिलिमीटर निओप्रीन, कसायला चार एम६ बोल्ट आणि नायलॉक नट, नटाच्या वर किमान दोन आटे दिसतील एवढी लांबी. पाइपाला वापरतात ती पत्र्याची जुबिली क्लिप इथे वापरू नये. तिच्या कडेने नळीवर ओरखडा पडतो, ॲनोडायझिंग, म्हणजे वरचा संरक्षक थर, जातं आणि त्याच ओरखड्यातून पुढे भेग सुरू होते. नळीला भोक पाडण्याचा तर विचारही नको. बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरवर थांबवले. एम६ चा बोल्ट त्याहून जास्त घट्ट होतो, पण पातळ नळी चेपण्यात काही मिळत नाही.

क्लॅम्पपासून बाहेरच्या बाजूला ४० मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी १२० मिलिमीटर बाहेर काढली आणि तिच्या टोकाला कॅमेरा उलटा लावला, लेन्स खाली. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू पाव इंची, वीस आट्यांचा. एकटा स्क्रू कंपनांत फिरतोच. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना टेकणारा एल आकाराचा ब्रॅकेट घातला आणि स्क्रूला मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक लावलं.

सुरक्षा तार वेगळी. १.५ मिलिमीटरची स्टीलची तार, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले ॲल्युमिनियमचे फेरूल, एक टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीत आणि दुसरं क्लॅम्पला नव्हे, थेट नळीभोवती. क्लॅम्पच सुटला तर क्लॅम्पला बांधलेली तार काय कामाची? लांबी १८ सेंटिमीटर. कॅमेऱ्यापासून प्रोपेलरच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंत ६० सेंटिमीटर होते, आणि तार पूर्ण ताणली तरी कॅमेरा तिथे पोचता कामा नये. लांब तार बांधून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. तशी तार कॅमेरा वाचवत नाही, उलट प्रोपेलरपर्यंत नेऊन पोचवते. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढला, बॅटरीच्या झाकणावर कापडी टेप, फोकसची कडी अनंतावर ठेवून तिलाही टेप. ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद. घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यात स्थिरीकरणाची यंत्रणा कंपनांच्या मागे धावते आणि चित्र आणखी बिघडवते.

पहिलं उड्डाण कॅमेऱ्याशिवाय झालं. त्याच आकाराचा लाकडी ठोकळा, आत लोखंड भरून ५०० ग्रॅम केलेला, त्याच स्क्रूवर आणि त्याच तारेवर. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढलेली, नट हलला तर रेघ तुटते. पंधरा मिनिटांनी उतरून रेघा पाहिल्या, सगळ्या अखंड. वैमानिकाला हाताला काही वेगळं जाणवलं नाही, आणि जाणवायचं कारणही नव्हतं. कॅमेऱ्याच्या आकाराला ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा रेटा जेमतेम पाव किलोचा बसतो.

लाटा

ठोकळ्याच्या जागी कॅमेरा आल्यावरच्या चाचणीत चित्रं तीक्ष्ण होती पण वाकडी होती. ओढ्याच्या कडेने उड्डाणाच्या दिशेत जाणारे सरळ बांध नागमोडी आले, त्यांना आडवे जाणारे बांध मात्र सरळ. क्लॅम्पच्या जोडाशी बोटाला काळी भुकटी लागली. ॲल्युमिनियमचे दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म घासले जात असले की ही भुकटी निघते. जोड जिथे हलू नये तिथे हलत होता, हे तिने लगेच सांगितलं.

कंपन कुठलं हे लाटा मोजून काढता येतं. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर होता. हे शटर सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचतं, आणि पूर्ण चौकट वाचायला लागणारा वेळ माहीत असला की लाटांची वारंवारता निघते. तो वेळ मोजायची युक्ती घरच्या दिव्याखाली जमते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. वेगवान शटरवर त्याच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला की काळे-पांढरे पट्टे दिसतात. या कॅमेऱ्यात पाच पट्टे आले, म्हणजे वाचन-वेळ ५० मिलिसेकंद. बांधावर एका चौकटीत पावणेदोन लाटा होत्या. १.७५ भागिले ०.०५, म्हणजे ३५ हर्ट्झ.

आता इंजिनाकडे बघायचं. ४८०० आरपीएमला क्रँकशाफ्ट ८० हर्ट्झवर फिरतो, चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमधले स्फोट १६० हर्ट्झने होतात, तीन पाती मिळून १०६ हर्ट्झचे झोत देतात आणि प्रोपेलरचा स्वतःचा एक फेरा ३५.२ हर्ट्झचा. लाटा प्रोपेलरच्या एका फेऱ्याच्या होत्या. पात्यांमधला असमतोल असाच उमटतो.

पण ट्राइकवर सगळीकडेच थोडं ३५ हर्ट्झ असतं, कॅमेऱ्यात ते एवढं मोठं का झालं? उत्तर पट्टीत होतं. एका बाजूने धरलेल्या पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाने कमी होतो आणि जाडीच्या घनाने वाढतो. ४ मिलिमीटर जाड, ४० रुंद, १२० लांब पट्टी आणि टोकाला अर्धा किलो असा हिशोब मांडला की तिची नैसर्गिक वारंवारता ३६ हर्ट्झ येते. प्रोपेलरच्या फेऱ्याला अगदी खेटून. झोपाळ्याला नेमक्या ठेक्यावर धक्का मिळावा तसं पट्टीचं टोक वाढत्या आवेगाने डोलत होतं.

यात आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कॅमेरा सरळ वर-खाली एक मिलिमीटर हलला तर ३०० मीटरवरच्या जमिनीच्या चित्रात काहीच फरक पडत नाही. नुकसान होतं ते फिरण्याने. पट्टी वाकली की टोक फिरतंही. ते फक्त ०.१ मिलिमीटर वाकलं तरी कॅमेरा ०.००१२५ रेडियन फिरतो, म्हणजे चित्र सहा पिक्सेलने सरकतं. पट्टी बाहेरच्या बाजूला असल्याने हे फिरणं डावं-उजवं होतं, म्हणून उड्डाणाच्या दिशेतलेच बांध नागमोडी आले.

रबर घालावं हा सल्ला लगेच येतो. रबर कंपन कमी करतं ते फक्त स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पटींहून वरचं; त्याखाली ते वाढवतं. ३५ हर्ट्झला खरा उपयोग हवा तर रबराची बैठक १२ हर्ट्झच्या आसपास हवी. एवढी मऊ बैठक कॅमेऱ्याच्या वजनाने नुसती उभी असताना १.७ मिलिमीटर दबते. त्यात वाऱ्याचा रेटा कॅमेऱ्याच्या वजनाच्या निम्मा, तेव्हा कॅमेरा मागे झुकतो आणि वेग बदलला की झुकाव बदलतो. उघड्या हवेत लटकलेल्या मोजणीच्या कॅमेऱ्याला रबरी बुश लावू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. पॉडच्या आत, वाऱ्यापासून आडोशाला, गोष्ट वेगळी.

दुसरा जोड

पट्टी बदलली: ८ मिलिमीटर जाड, फक्त ६० मिलिमीटर बाहेर. क्लॅम्प नळीवर चाकाकडे सरकवला, म्हणजे कॅमेरा प्रोपेलरपासून तेवढाच दूर राहिला. हिशोबाने या पट्टीची वारंवारता २८८ हर्ट्झ येते. प्रत्यक्षात क्लॅम्प आणि नळी स्वतः थोडी लवतात म्हणून आकडा बराच खाली उतरतो, पण ३५ पासून तो लांब गेला आणि हवं होतं ते एवढंच. पट्टीचं वजन जेमतेम ५२ ग्रॅम. क्लॅम्पच्या दोन तुकड्यांमधली फट आधी पूर्ण मिटत होती, म्हणजे बोल्ट नळीऐवजी तुकडेच एकमेकांवर आवळत होते. काळ्या भुकटीचं मूळ तिथे होतं. प्रत्येक तुकड्याची कड १ मिलिमीटर घासल्यावर कसलेल्या अवस्थेतही फट उरली आणि पकड नळीवर आली.

कारणावरही काम झालं. अभियंत्याने तिन्ही पात्यांचा पिच, म्हणजे बसवण्याचा कोन, कोनमापकाने तपासून सारखा केला, पाती धुऊन त्यांवरचे किडे आणि चिकट धूळ काढली. शटर इलेक्ट्रॉनिकवरून यांत्रिकवर नेलं. यांत्रिक पडदा चौकट साधारण ५ मिलिसेकंदांत ओलांडतो आणि ३५ हर्ट्झचा एक हेलकावा २८ मिलिसेकंदांचा, त्यामुळे उरलंसुरलं कंपन लाट म्हणून दिसूच शकत नाही. या तिन्हीपैकी एकच उपाय करायची वेळ आली तर पट्टी बदलावी. शटर बदलून लक्षण झाकलं जातं, स्क्रूवरचा ताण तसाच राहतो.

शटरचा वेग किती, यावरही एक गैरसमज सर्रास आढळतो. लोक विमानाच्या वेगाचा हिशोब करतात: ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, १/१००० ला २.२ सेंटिमीटर, अर्धा पिक्सेलही नाही. बरोबर. पण ट्राइक झुळकीत डोलतो. सेकंदाला २० अंशांनी डोलला तर १/१००० मध्येच चित्र जवळपास दोन पिक्सेल पुसलं जातं. म्हणून १/२०००, छिद्र एफ/४, आयएसओ ४०० पर्यंत मोकळा. शांत हवेत हे जास्तीचं वाटेल, पण हवा शांतच राहील याची हमी कोणी देत नाही.

कोन

दुसऱ्या जोडावरची चित्रं सरळ होती पण सगळी थोडी पुढे पाहत होती. जमिनीवर स्पिरिट लेव्हल लावून कॅमेरा उभा केला होता, आणि तरीही. ट्राइक पंखाखाली हँग पॉइंटवर लोंबकळतो, आणि प्रोपेलरचा जोर त्या बिंदूच्या बराच खाली लागतो. जोर आला की खालचा सगळा भाग पुढे झुलतो, नाक वर येतं. या वजनाला आणि या वेगाला हा कल सुमारे ६ अंश निघाला. ३०० मीटरवरून ६ अंश म्हणजे चौकटीचा मध्य ३१ मीटर पुढे. ४० मिलिमीटरच्या पट्टीखाली ४.२ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पाचर बसवून कॅमेरा तेवढा मागे वळवला.

थ्रॉटल हलवला की हा कल बदलतो, हे वैमानिकाला नीट समजावून सांगावं लागतं. छायाचित्रणाची सरळ ओळ सुरू झाली की ४८०० आरपीएम, आणि उंची दहा-वीस मीटर वर-खाली झाली तरी चालेल पण थ्रॉटलशी खेळायचं नाही. उंचीतला लहान बदल चित्रं जोडणारं सॉफ्टवेअर पचवतं, ओपनड्रोनमॅपसारखं मोफत सॉफ्टवेअरही. सतत बदलत्या कोनामुळे ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे शेजारच्या चित्रांतल्या सामाईक भागात, पडलेली भोकं मात्र भरून निघत नाहीत.

उड्डाण

वेळेचा निर्णय नोव्हेंबरच्या सूर्याने केला. पहाट सगळ्यात शांत, पण सकाळी ८ वाजता सूर्य जेमतेम १९ अंश वर असतो. खोलीकरणाच्या ४ मीटर उंच काठाची सावली तेव्हा जवळजवळ १२ मीटर पडते आणि पात्राचा तळ अंधारात जातो. ९ वाजता सूर्य ३१ अंशांवर, सावली पावणेसात मीटर. दहाच्या सुमाराला काळी रानं तापून हवा उसळायला लागते, कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेतांवर वावटळी दिसू लागतात. म्हणजे ९ ते १० हा एकच तास. ऊसतोड सुरू झाली की सकाळी पाचट जाळल्याचा धूर खोऱ्यात साचतो, तो वारा कुठे नेतो हेही आदल्या दिवशी पाहून ठेवलं. हेच काम मे महिन्यात काढलं तर ४० अंशांत ६०० मीटर उंचीची ही धावपट्टी इंजिनाला आणि पंखाला साडेसोळाशे मीटरवर असल्यासारखी वागवते. धाव लांबते, चढ मंदावतो.

ओढ्याच्या दोन्ही बाजूंना आदल्या संध्याकाळी फक्कीने फुल्या मारल्या, प्रत्येक भुजा १ मीटर, म्हणजे चित्रात सोळा-सतरा पिक्सेल. मध्यबिंदू डीजीपीएसने, म्हणजे जास्त अचूक जीपीएसने, मोजले. शेतात फुली मारण्यापूर्वी शेतमालकाला विचारलेलं बरं, नाहीतर पहाटे नांगर फिरतो आणि फुली जाते.

कॅमेरा इंजिन सुरू होण्यापूर्वीच दर २ सेकंदांच्या अंतराने चालू केला आणि उतरेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. वैमानिकाने हवेत कॅमेऱ्याची बटणं शोधणं हा अपघाताचाच प्रकार. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. चाकांना अडसर लावून जमिनीवर इंजिन २०००, ३०००, ४००० आणि ५००० आरपीएमवर चालवून पाहिलं, रेडिओत खरखर येते का ऐकलं. बार चारही दिशांना शेवटपर्यंत नेऊन पाहिला. लेन्सवर हूड आणि साधा पारदर्शक फिल्टर, कारण मुरमाच्या पट्टीवर पुढचं चाक खडे उडवतं. फिल्टरवर एक टवका पडलाच, लेन्स वाचली.

दोन समांतर ओळी, १४० मीटरच्या अंतराने, शेजारच्या चौकटींत ६० टक्के ओव्हरलॅप. पुढच्या दिशेचा ओव्हरलॅप साधारण ८० टक्के. मागून १५ किलोमीटरचा वारा मिळाला त्या टप्प्यात तो ७७ वर आला. ही सढळ मोकळीक लागते, कारण १० अंशांचा कल आला की चौकट ५३ मीटर बाजूला सरकते. ओढा वळणावळणाचा, म्हणून ओळी सरळ तुकड्यांत पाडल्या आणि वळणं पट्ट्याबाहेर घेतली. वळणांतल्या चौकटी टाकून सुमारे पावणेआठशे उरल्या. एका बंधाऱ्यावर पाण्याच्या चकाकीमुळे चार चौकटी निकामी झाल्या, त्या जागेचं माप काठावरून घेतलं.

उतरल्यावर नेलपॉलिशच्या रेघा अखंड होत्या, क्लॅम्पच्या कडेला भुकटी नव्हती, तारेला कुठे चपटेपणा नव्हता. क्लॅम्प लगेच काढला. निओप्रीनखाली ओल आणि धूळ धरून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात नळीवर पांढरे डाग उठतात. ते झाकलेले असल्याने तपासणीत दिसत नाहीत. नळी ओल्या फडक्याने पुसून, उजेडात फिरवून क्लॅम्पखालच्या जागेवर ओरखडा आहे का हे पाहिलं आणि विमानाच्या नोंदवहीत क्लॅम्प बसवल्याची व काढल्याची अशा दोन्ही नोंदी केल्या.